दोष, आणि हेही पाहा

दिघोरीच्या धान केंद्रावर चौदा कमांडी आहेत.
तोल, ओल, पोतं, पावती, उरलेला बारदाना,
सगळ्या पंधरामच्या हातच्या.
तो वनरक्षकाची परीक्षा पास झाला
आणि नवेगावच्या जंगलात गेला, जिथे फोनला रेंज नसते.
मागे एक खुर्ची ठेवून गेला,
खुर्चीवर चिंध्यांची गादी,
आणि माहितीचं म्हणून एकही पान नाही.

भंडाऱ्याहून पत्र आलं:
प्रत्येक कमांडीचं मॅन्युअल पाहिजे, सोमवारपर्यंत.
नाव, वापर, पर्याय, उदाहरण, दोष, हेही पाहा.
चौदा गुणिले सहा.
पहिलं पान मी हातानं लिहिलं.
दुसरं लिहिताना बाहेर ट्रॅक्टर लागले.
तिसरं राहिलंच.

मग रात्री शेल स्क्रिप्ट लिहायला बसले.
आमच्या फिडरला लाइट दोनला येते;
चुलबंदीकाठचे पंप एकदम घरघरतात
आणि त्यांच्याबरोबर माझा पंखा.

एकेक कमांड धर, म्हटलं तिला,
कानाशी जाऊन विचार: उणे उणे मदत.
(शाळेत ढबालेमास्तर सांगायचे,
उण्याला उणं भिडलं की अधिक होतं.
मला तेव्हा पटलं नव्हतं.)
ती बोलेल त्यातली पहिली ओळ नावाखाली लाव,
उण्यानं सुरू होईल ती पर्यायांत.
मग तिचा कोड उघड, उदाहरण उचल.
हॅशनं सुरू होणारी ओळ मात्र टाकून दे,
ती यंत्र वाचत नाही.

तीन सेकंदांत चौदा पानं.
चहात साखर विरघळायलाही याहून वेळ लागतो.
पण चौदाही पानांवर
दोष या शब्दाखाली नुसतं पांढरं,
जणू दिघोरीत कधी काही बिघडलंच नाही.

तेव्हा मी टाकून दिलेल्या ओळी उघडल्या.
तिथे पंधराम बसला होता.

# ढगाळ दिवशी ओलीचं यंत्र खोटं बोलतं. दोन टक्के वजा धरा. नाहीतर बकारामकाकाला दाणा चावायला सांगा.

# चाळीस पोत्यांच्या वर सुतळीचं वजन दोनदा लागतं. लाज वाटते, पण कारण सापडलं नाही.

# ही ओळ का चालते ठाऊक नाही. हात लावू नका.

# हिऱ्यानक्की आता कोणी आणत नाही. तरी यादीतून काढू नये.

आणि पावतीच्या पोटात, एकशे बाराव्या ओळीवर,
काही कारण नसताना:

# मुलगी झाली.

स्क्रिप्टमधली एक अट बदलली.
हॅशवालं सगळं दोषांत घाल.
मुलगी झाली, ते?
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
सहापैकी कुठल्याच शीर्षकाखाली ते बसेना.
तेवढी एक ओळ वगळायला सांगितली,
आहे तिथेच राहू दिली, आत.

सकाळी बकाराम लांजेवार खर्रा घोटत दारात उभे.
मी ओलीचं पान वाचून दाखवलं, खालपर्यंत.
हेही पाहा: बकाराम, दुसऱ्या शेडमध्ये, जेवणाची सुट्टी सोडून.

"माहं नाव कायले लिवलं वो बाई?"
मग जरा थांबून,
"अन् हे दोन टक्के नाई. नुसत्या ढगाले दीड.
पाणी पडून गेलं का मंग दोन."
माझ्या हातातला पेन घेऊन
दोनावर आडवी रेघ मारायला निघाले.

काका, पानावर खोडू नका, म्हटलं.
रात्री लाइट आली की स्क्रिप्ट पुन्हा चालते,
पान नवं निघतं,
तुमची रेघ त्याच्यात येणार नाही.
खोडायचं तर मुळात खोडावं लागतं.

"मंग चाल मुळात," म्हणाले,
आणि चिंध्यांच्या गादीवर बसले.
खिशातून एक दाणा काढून दाढेखाली धरला.
टक्‌ वाजला.
मी दीड लिहिलं.