विहिरीपाशी या

हॅलो, हां, रिंगरोडवरनं आत वळा,
टायरच्या दुकानाला लागून जी पाणंद आहे, तीच.
पाणंद म्हणजे आता डांबरी आहे.
मग विहीर लागेल.
विहीर दिसणार नाही, बुजवली.
तिथं ट्रान्सफॉर्मर आहे आणि एक बंद पडलेली व्हॅन.
पण विहीर म्हटलं की कुणीही सांगेल.

पोरगा दोनदा विहिरीवरनं पुढं गेला.
तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मागून म्हैस ओरडली
आणि मला कळलं, तो कुणाच्या दारात उभा आहे.

आम्ही मंगळवार पेठेतनं इथं आलो तेव्हा
भावकी म्हणाली, कोल्हापूर सोडलासा म्हणा की.
चार किलोमीटर.
सतरा नंबरचा प्लॉट, दोन गुंठ्याला थोडा कमी,
कर्जाच्या कागदावर बिगरशेती
आणि पायाच्या चरीत उसाचे डोळे फुटलेले.
गवंडी म्हणाला, काळं रान आहे वैनी, घर हलणार.
हललं.
हॉलच्या भिंतीला तिरकी चीर,
उन्हाळ्यात बोट जाईल एवढी,
श्रावणात आपोआप मिटते.
नदाफ मास्तर दर दिवाळीला पुट्टी भरून देतात
आणि मे महिन्यात स्वतःच बघायला येतात,
उघडली का?

गल्लीत सगळ्यांच्या गच्चीवर सळ्या उभ्या आहेत,
वरच्या मजल्यासाठी, पोरांसाठी.
पोरं पुण्यात.
सळ्यांवर पाण्याच्या बाटल्या उलट्या घातल्यात,
गंजू नयेत म्हणून. वारा सुटला की सगळी गल्ली
पोकळ वाजते.
पलीकडं अजून थोडा ऊस आहे.
तोड झाली की पाला पेटवतात,
मग दोरीवरचे पांढरे शर्ट आम्ही पळत जाऊन काढतो.

तर इंदूताई चौगले त्या पोराला घेऊन आली,
मोकळ्या प्लॉटांतनं, तिरकी, अनवाणी,
जिथनं पूर्वी पाट जायचा तिथनं.
कंपाऊंड आलं की वळसा, आणि परत त्याच रेषेत.
मागनं तो, खोकं डोक्यावर, बुटाला कुसळं.
हे दीड एकर एकेकाळी तिचं.
दिरानं विकलं, हिनं सही केली.
घरांना ती अजून रानाच्याच नावानं ओळखते.
मास्तरांकडं जायचं तर म्हणते, खोडव्यात जाऊन येते.
शिंत्र्यांचं गॅरेज म्हणजे उकिरडा.
माझ्या ओट्याकडं बघून म्हणाली,
"सैपाकघर कशाचं, आमचं इंजान हुतं हितं."

खोकं फोडलं. काय हाय ओ त्यात?
फिल्टरची कँडल, ताई. बोअरचं पाणी जड आहे ना.
ती पांढरी नळी तिनं बराच वेळ हातात फिरवली.
"आमच्या हिरीच्या पाण्याला गाळणं?"
आणि हसली, पदर तोंडाला लावून.

मी तांब्या भरून दिला, न गाळलेल्या पाण्याचा.
तिनं घोट तोंडात धरला, गिळला,
उठून भिंतीपाशी गेली,
चिरेवरनं एक बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

म्हणाली, "खोकं ठेवतासा का टाकतासा?
रेडकाच्या अंगाखाली घालायला बरं हाय."