हवा

पेडल दाबलं की खाली जायचं,
चहात बुडवलेल्या पावासारखं.
दुसऱ्यांदा दाबलं की जरा वर,
तिसऱ्यांदा कुठे जीप ऐकायची.
तिसऱ्यांदा ऐकणारी माणसं चालवून घेता येतात,
घाट चालवून घेत नाही.

तसं सुरू झालं ते मुळशीकडच्या एका ओढ्यात.
चौऱ्याण्णवची जीप, चारही चाकांना ड्रम.
पाणी बंपरच्या वर आलं, पार झालो, ओरडलो,
आणि पलीकडच्या उतारावर
पेडल दगडासारखं घट्ट
आणि जीप आपली निघालेली,
ओल्या ड्रमांना धरायचं म्हणजे काय तेच आठवेना.
करवंदीच्या जाळीने अडवलं.
डाव्या मडगार्डवर ओरखडे आहेत अजून.
रंग देत नाही मी.

म्हणून नाना पेठेत गेलो.
पुढच्या चाकांना डिस्क, दोन कॅलिपर,
मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर, बूस्टर.
गल्ल्यावरचे गुंदेचा चष्म्यावरून म्हणाले,
बसवणार कोण?
मी म्हणालो, मीच.
त्यांनी बिलावर शिक्का मारला :
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

धायरीच्या पार्किंगमध्ये दोन रविवार गेले.
फरशीवरच्या डागाबद्दल सोसायटीची नोटीस आली,
तिच्यावरच मी पाने मांडून ठेवले.
चार वेळा ऑइल भरलं, चार वेळा हवा काढली,
मास्टर सिलिंडर बदलला, होज बदलले,
शेवटी बूस्टरला शिव्या दिल्या.
पेडल : पाव.

मन्सूर तांबोळींचं गॅरेज भवानी पेठेत,
शेजारी तीस वर्षं पत्र्याचं डेंटिंग चालतं,
त्यात त्यांचे दोन्ही कान गेले.
हाका मारून उपयोग नाही.
ते जीपखाली सरकतात आणि पान्याने चासीवर ठोकतात :
एकदा म्हणजे दाब,
दोनदा म्हणजे सोड.
मधल्या वेळात धरून ठेवायचं,
पोटरी थरथरली तरी.

मी आत बसलो, पाय पेडलवर.
ठक् आलंच नाही.
खाली वाकून बघितलं तर चाचा
पुढच्या चाकाशी बसलेले,
हात गुडघ्यावर, काहीच न करता,
कुणी जुनं ओळखीचं भेटल्यासारखे.
मग बोटाने दाखवलं :
हवा काढायचा निपल कॅलिपरच्या तळाला.
उजवीकडचा कॅलिपर मी डावीकडे बसवला होता,
डावीकडचा उजवीकडे.
इतकंच.
काही तुटलं नव्हतं, काही झिजलं नव्हतं, सगळं नवंकोरं.

"हवा वर जाते, साहेब," मोठ्याने म्हणाले,
न ऐकू येणारी माणसं बोलतात तसं.
"तुम्ही तिला खालचं दार उघडून देताय,
ती वर बसून तुमची गंमत बघतीय."
डेंटिंगवाला पोरगा हसला.
मीही. जरा उशिरा.

अदलाबदल केली. सलाइनची नळी, पाण्याची बाटली.
ठक्.
दाबलं. धरलं.
नळीतून बुडबुडे आले, आधी फेस,
मग मोहरीएवढे, मग एक, मग बराच वेळ काही नाही,
मग आणखी एक, सगळ्यांत मोठा,
दोन रविवार लपलेला.
ठक् ठक्.
पायाखाली काहीतरी ठाम उभं राहिलं.

संध्याकाळी बोपदेव घाटात नेली, चाचा शेजारी.
वरच्या अंगाला मुरमाचा एक कच्चा उतार आहे,
तिथे नाक खाली करून सोडली.
दुसरा गिअर. काढून टाकला. न्यूट्रल.
वेग धरू दिला.
चाचांनी डॅशबोर्डवर पाना ठोकला, एकदा.

दाबलं. पहिल्याच दाबात.
मागची हत्यारं पुढे येऊन आदळली,
धूळ आम्हाला ओलांडून पुढे गेली,
जीप मात्र जागच्या जागी.

खाली कोंढव्याचे, उंड्रीचे दिवे लागत होते.
चाचा काच खाली करून बघत राहिले.
पाना मांडीवर.
मी पाय तसाच धरून बसलो.
दोनदा ठोकायला त्यांनी
भरपूर वेळ घेतला.