आकडा

दुय्यम निबंधकाची कचेरी, वाशी. टोकन एकोणतीस.
वकिलानं पेन्सिलीनं बारीक फुल्या मारून ठेवल्यात
जिथं जिथं मी सही करायची, आणि नसायचं.

जालिंदर म्हणतो, आक्का, नुसता कागद आहे.
संपत काहीच म्हणत नाही.
दोन वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत,
जिन्यावरून.
तळमजला म्हणतो, पायऱ्या माझ्या जागेत उतरतात.
वरचा म्हणतो, मग काय दोर लावून चढू?
एकमत आहे ते एवढ्या एका गोष्टीवर :
माझ्यावर.

आकडा म्हटलं की आमच्यात आधी
आबांचा लोखंडी आकडा आठवायचा,
कांद्याच्या गोणीत रुतवायचा, पाठीवर ओढून घ्यायचा.
रात्री तो दाराच्या खिळ्याला टांगलेला असे,
म्हणजे आबा घरात आहेत.
कोपरखैरण्यात तेव्हा नुसता चिखल आणि खांब.
चिठ्ठीत घर निघालं, तर आये म्हणाली,
पोरीनं चिठ्ठी उचलली म्हणून निघालं.
हे कुठल्या कागदावर नाही.

आता आकडा म्हणजे एक भागिले तीन.

"हौसाबाई बबन शेडगे?"
मी उठले.
कॅमेऱ्यात बघा. बघितलं.
स्वखुशीनं देताय ना? मान हलवली.
अंगठा ठेवा.

मशीननं टूंक केलं. लाल.
मावशी, दाबून.
लाल.
एवढं दाबू नका, हलकंच.
लाल.
डावा द्या. तोही लाल.
काय काम करता?
लसूण सोलते. हॉटेलांसाठी. तेरा वर्षं.
पोरगा माझ्या बोटांकडे बघत राहिला,
जशी पुसलेली पाटी.

"पाणी दे," जालिंदर म्हणाला.
कुणाला, ते नाव घेऊन म्हणाला नाही,
पण बाटली संपतच्याच हातात होती.
संपतनं टोपणभर ओतलं. "जास्त नको, घसरंल."
जालिंदरनं रुमालानं टिपला माझा अंगठा,
कड न् कड,
वासानं नाक न मुरडता.
दोन टकली माझ्या हातावर वाकलेली,
एकाला आबांचा भोवरा, एकाला आयेचा.
आयेला खाली ठेवलं त्या दिवसानंतर
एवढे जवळ आले नव्हते.
मला वाटलं, लाल.
अजून एकदा, लाल.

मागच्या रांगेतला माणूस चुकचुकला.
पोरगा म्हणाला, मावशी, पंधरा दिवस लसूण बंद ठेवा.
तेल चोळा. ठसा परत येतो.
मग या.

खाली टपरीवर चहा झाला.
पैसे कुणी द्यायचे यावरून दोघं पुन्हा गप्प झाले.
मी दिले.

बसनं घरी आले.
देवापुढची तेलाची वाटी होती तिथंच राहू दिली.
पदर खोचला,
दाराआड ठेवलेली उद्याची गोणी
आजच ओढली पुढं.
शिवण उसवायला
खिळ्यावरचा आकडा काढला.
तो आबा गेले तेव्हाच मी आणलेला.
कुणी मागितला नव्हता.