व्यापारी मूल्य: शून्य

कस्टमच्या खिडकीतला पोरगा विचारतो, आत काय आहे?
मी कशी सांगू? पावतीवर त्यांनीच छापलंय:
धातूची वस्तू, नग एक.
व्यापारी मूल्य: शून्य.
मग इथे सही, म्हणतो, आणि इथे,
आणि गोदामभाड्याचे बावीस हजार पेसो.

खवले चिकटलेल्या हातानं सही करते,
दियोसेलिना आंगुलो, मासळी बाजार, गाळा एकेचाळीस,
बुएनावेन्तुरा.
पत्र आहे सोबत. जुन्या नमुन्यांची फेरतपासणी झाली,
निकालात दुरुस्ती करण्यात आली आहे,
आपण चौथ्या नव्हतात.

आपण चौथ्या नव्हतात!
नऊ वर्षं मी चौथी होते.
चौथी म्हणून झोपले, चौथी म्हणून उठले,
महापौरांनी कबूल केलेलं घर
चौथीसाठी फाइलीबाहेर आलंच नाही.
विमानतळावर फक्त मामा,
उसनी मोटरसायकल घेऊन,
आणि तिचंही पेट्रोल वाटेत संपलं.
एका किलोनं हुकलं होतं.
आता दिवसाला दीडशे किलो मासे मोजते मी,
रोज एक किलो तरी हातून खाली सांडतो.

तेव्हा सगळं कसं नियमानं.
दोन परक्या बायकांपुढे कपडे उतरवून काट्यावर,
त्रेसष्टला शंभर ग्रॅम कमी.
तीन पंच, तीन देशांचे, तीन बटणं,
कोपर कणभर हललं की लाल.
पंचांच्या मागे पाच जणांचं मंडळ,
मंडळाच्या वर कुठल्याशा हॉटेलात
हात वर करून निवडलेले कोटवाले.
त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही,
पण आमचे फेडरेशनचे साहेब त्यांच्याकडे जाताना
बॅगेत कॉफीची बारा पाकिटं घेऊन गेले होते
आणि येताना मोकळे आले.

सगळ्यात शेवटी तो लहानसा संडास.
दार उघडं, समोर उभी एक बाई,
नजर चुकवावीशी वाटणारी, पण तिचं कामच बघणं.
दोन बाटल्या, अ आणि ब.
झाकण फिरवताना दात मोजल्यासारखा आवाज येतो,
एकदा बसलं की फोडल्याशिवाय निघत नाही.

रांगेत माझ्यापुढे वासिलिना होती.
दोघींनाही होत नव्हती. पाण्यावर पाणी पीत
एकमेकींच्या फुगलेल्या पोटांकडे बघून
हसलो होतो, भाषेशिवाय.
सरावाच्या खोलीत माझी पट्टी संपली
तेव्हा तिनं स्वतःची दातानं तोडून
माझ्या अंगठ्याला गुंडाळली होती.
ती तिसरी आली. मी टाळ्या वाजवल्या.
खोटं कशाला बोलू, जरा उशिरानंच.

आत काय होतं तिच्या बाटलीत, पत्रात लिहिलंय,
वाचता येत नाही असं लांबलचक नाव.
ते तिला कुणी दिलं, तिला सांगून दिलं का,
ते लिहिलेलं नाही. त्याला रकाना नसावा.

वरातीमागून घोडं, असं म्हणतील गाळ्यावरचे.
म्हणू देत. मी कागद फाडते.
फीत जरा मऊ पडलीय,
कपाटातल्या कपड्यांचा वास आहे तिला,
आणि कडेला एक ओरखडा,
बारीक, बोटाला लागेल इतकाच.
नवं नाही हे.

कुठल्या भिंतीवर होतं? कुठल्या पोरानं
खाली पाडलं? तीही अशाच एखाद्या
खिडकीपुढे उभी राहिली असेल, थंडीत,
पार्सल हातात, अर्ज पुढ्यात.
त्या शेवटच्या ओळीत तो शून्य
तिनं स्वतःच्या हातानं लिहिला का?

गाळ्यावर येऊन मी ते काट्यात टाकते.
काट्याला निरीक्षकाचं शिसं आहे, यंदाचं.
चारशे बारा ग्रॅम, फितीसकट.
समोरची म्हातारी पिशवी उघडून उभी.
कसं दिलंस, विचारते, आणि हा कुठला मासा?