चुकीचा मध्यबिंदू

बिदियाच्या दक्षिणेला, वाळू जिथे पहिल्यांदा उभी राहते,
तिथे शमीचं रान आहे.
इथे त्याला गाफ म्हणतात.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी पाला चुरगाळून पाहिला,
एक काटा बोटात मोडून घेतला,
आणि कुणालाच सांगितलं नाही
की या झाडाशी आपली जुनी ओळख आहे.
दसऱ्याला वेशीबाहेर जाऊन
आम्ही यालाच नमस्कार करून परत यायचो.
सीमोल्लंघन म्हणजे तेवढंच,
शेवटच्या घरापासून दोनशे पावलं.

आता सीमा आखण्याचाच मला पगार मिळतो.

कार्यालयात टेबलभर रान पसरलेलं.
पिवळ्यात उंटांची चराई,
तपकिरीत वाळलेलं लाकूड न्यायची मुभा,
जांभळे ठिपके गुरुवारी रात्री मस्कतहून येणाऱ्या तंबूंचे,
आणि एक करडी तुटक रेघ:
खडीच्या ट्रकांचा नियोजित रस्ता.
उरलंसुरलं हिरवं.
घुबडाला रंगच नव्हता.

खलफान वनरक्षक म्हणाला,
बापाच्या वेळी मोजायचं कारण नव्हतं.
मी मोजायला लागलो तेव्हा अकरा जोड्या.
आता चार. तीनही असतील.

मौजा बिन्त हुमैदकडे गेलो तर
ती पिकअपच्या सावलीत बसलेली, शेळ्या शेंगांवर.
नकाशा वाळूवर अंथरला.
एका पाटीने कोपरा चघळायला घेतला,
खडीचा रस्ता अर्धा खाल्ला.
‘मंजूर,’ खलफान म्हणाला.

मौजा हसली नाही. तपकिरीवर बोट ठेवून विचारलं, हे काय?
मेलेली झाडं, मी म्हणालो. न्यायला हरकत नाही.
मेलेली कुणी सांगितलं?
हिरव्या झाडाला ढोली कुठून येणार?
मी शेळ्यांना वर्षाला एक फांदी देते, एका बाजूची.
वठलेल्याला हात लावत नाही.
तिथे भाडेकरू असतात.

मग मी मोडक्या अरबीत सांगितलं,
आमच्याकडे म्हणतात घुबडाला ढेकूळ मारू नये,
ते ढेकूळ उचलून पाण्यात टाकतं,
ढेकूळ विरघळेल तसा मारणारा झिजतो.
ढेकळाला शब्द आठवेना,
वादीतला सुका गाळ उचलून दाखवला.
तिने तो हातात घेतला, दाबून पाहिला.
पाणी? इथे?
मग तुम्ही सगळे खूप जगाल.

रात्री तिने झाड दाखवलं.
पंखांचा आवाज असा नव्हताच.
एक तारा क्षणभर विझला, पुन्हा लागला,
एवढंच.

परतताना तिची एकच अट:
हे झाड कागदावर नको.
कॅमेरेवाले येतात, दिवे टाकतात,
डब्यातून तिच्याच जातीचा आवाज वाजवून तिला बोलावतात.
ती येते. कुणी नसतं.
अंडी तोवर गार.

तीन आठवडे खोडरबर चालला.
तपकिरी संपूर्ण काढला, वठलेलं उभंच राहील.
तंबू डांबरी रस्त्याच्या पलीकडे, विणीच्या महिन्यांत तेही नाहीत.
शेंगांच्या दिवसांत शेळ्यांना वाट, मौजाच्या नावानिशी,
कारण कुंपण घातलं तर राखण करणारं माणूसच बाहेर पडतं.
ट्रकांबद्दल वर लिहिलंय. उत्तर नाही.

शेवटी वर्तुळ.
वीस वर्षं मी बिंदू नेमके मांडले,
अर्ध्या मीटरच्या चुकीसाठी रात्री जागलो.
त्या दिवशी कंपासचं टोक
मुद्दाम उघड्या वाळूत रोवलं,
जिथे काही नाही, कधी नव्हतं,
आणि वर्तुळ एवढं मोठं ओढलं
की झाड त्यात कुठेतरी मावावं.
साहेबांनी विचारलं, मध्यबिंदू इथे का?
म्हटलं, मोजणी तशी आली.

ऑक्टोबरात दसरा आला.
संध्याकाळी एकटाच गाडी काढून गेलो
मीच ठोकून घेतलेल्या खुंटांपर्यंत.
पलीकडे शमी काळी होत चालली होती.
इंजिन बंद केलं. चपला काढल्या, वाळू अजून तापलेली.
नमस्कार अलीकडूनच केला.