आरशातलं तांबडं

क्लबातल्या टेबलटेनिसच्या टेबलावरची जाळी काढून
आम्ही मांडलेत त्रेसष्ट फोटो.
विषय: पहाट किंवा संध्याकाळ. माणसं नकोत, फक्त निसर्ग.
परीक्षक तीन. शारशेनबेक, भूगोलाचे निवृत्त मास्तर,
घरून भिंग घेऊन आलेत;
नगरपालिकेची गुलायिम, जिला सहाच्या आत घरी पोचायचंय;
आणि मी, कराकोलच्या बसस्टँडसमोर
एकतीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढणारी.
निसर्गातलं मला काय कळणार?
माझ्या माणसांमागे कायम पांढरा पडदा.

एकोणीस वेळा तेच सरोवर, तोच धक्का,
त्यावर केशरी रंग इतका सढळ
की लग्नाच्या पुलावात गाजर ओतावं तसा.
एकावर मास्तरांनी भिंग टेकवलं.
"इथे सूर्य उत्तरेला मावळतोय," म्हणाले,
आणि तो फोटो गेला खुर्चीवर, हरलेल्यांच्या ढिगात.
पहाट कुठली, सांज कुठली, ओळखायचं कसं?
गुलायिम म्हणते, रंग तर तोच, काय फरक पडतो.
मी म्हटलं, मेंढ्या बघा:
सकाळी पांगत जातात,
दिवेलागणीला एकमेकींना खेटून येतात.
मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग सत्तेचाळीस नंबर.
पोस्टकार्डाएवढा, कोपरा दुमडलेला,
गाडीच्या काचेतून काढलेला. वायपरची कमान,
रस्ता, निष्पर्ण पॉपलर, आणि पुढे पश्चिमेला
रात्र अजून तशीच, न उचललेल्या अंथरुणासारखी.
"ह्यात पहाट कुठाय?" गुलायिमनं विचारलं.
मी उलटा केला. मागे पेन्सिलीनं:
'तिलेबाल्दी, ड्रायव्हर, राजधानीची पहिली गाडी.
ह्या वळणावर सगळे मागे वळून बघतात.
म्हणून दुसऱ्या गिअरवर घेतो.'

मास्तरांचं भिंग मागून घेतलं.
वर, कडेला, आरसा. नखाएवढा.
आरशात मागची काच, काचेत तांबडं फुटलेलं,
आणि त्याच्यासमोर सात-आठ डोकी,
पाठमोरी.
टोप्या, एक फुलाफुलांचा रुमाल,
एका पोराच्या मानेवर ताज्या हजामतीची पांढरी रेघ.
कानांच्या कडा लाल.

ह्यांचे चेहरे मी काढलेत.
सरळ बघा. हनुवटी थोडी वर.
हसू नका, परत पाठवतात. कान दिसू देत.
सहा प्रती, उद्या या, नको, आजच देते.
मॉस्को, कझान, एकदा तर सोलला निघालेली दोघं.
परतताना माझ्याकडे कुणी येत नाही,
परतायला फोटो लागत नाही.
एवढ्या वर्षांत मान मात्र
कुणाची पाहिली नव्हती.

"माणसं नकोत, असं लिहिलंय," मास्तर हळूच म्हणाले.
"माणसं कुठायत? पाठी आहेत," मी म्हटलं.
त्यांनी भिंग परत घेतलं, वाकले,
बराच वेळ वाकलेलेच राहिले.
त्यांचा धाकटा चार वर्षं कझानला आहे.
मग चष्मा पुसत म्हणाले, नियम तो नियम.

दोन विरुद्ध एक.
पहिला आला नंबर बारा: गुलाबी पाणी, सहा हंस.
बक्षीस, विजेची किटली.
गुलायिम कोट चढवतच निघाली.

सत्तेचाळीस नंबर परत द्यायचा म्हणून पर्समध्ये टाकला.
बसस्टँडवर गाडी नुकतीच आलेली,
तिलेबाल्दी टायरला लाथ मारून बघत होता.
म्हटलं, नाही लागला.
"राहू दे," म्हणाला, "वळण कुठे जातंय."
मी जरा थांबले.
उद्या पहाटे एक जागा आहे का?
"कुठवर?"
वळणापर्यंत.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टायरकडे.
"तिकीट पूर्ण पडेल," म्हणाला.