काठाचे पैसे वेगळे

साडेतीन हजाराला गेम घेतला पोराने,
मामाचे, बक्षिसाचे आणि माझ्या खिशातले
असे तीन ठिकाणचे पैसे एका जागी करून.
आठव्या दिवशी म्हणतो, पप्पा, अजून साडेआठशे.
कशाला बे?
शेवटचा किल्ला वेगळा मिळतो.

चष्मा लावून पडद्याजवळ गेलो.
नकाशात सगळं होतं, नदी, पूल, मेंढ्यांचा बाजार,
आणि वर उत्तरेला बर्फात एक दार,
राखाडी. त्याला कुलूप. कुलपाखाली किंमत.
दारामागून कुणीतरी हाका मारत होतं,
तेवढं फुकट ऐकू येत होतं.

मी जॅकार्डचे पत्ते पाडणारा माणूस.
साखर पेठेत एकतीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडतोय.
भोक असेल तिथला धागा उठतो, नसेल तिथला निजून राहतो,
आणि हातभर कापडानंतर मोर उभा राहतो,
चोच, तुरा, पिसारा सगळं धरून.
कुठल्या गिऱ्हाइकाला म्हटलं नाही
की मोर तर घेऊन जा, पिसाऱ्याचं नंतर बघू.

हे त्याला सांगितलं. जरा चढूनच सांगितलं.
कन्ना चौकातलं अंबादास चिलवेरीचं दुकानही सांगितलं,
पत्र्याखाली दोन टीव्ही, रुपयाला तीन जीव,
मेलास की मागचा पोरगा खांद्यावर हात टाकायचा, ऊठ बे.
पण गेम पुरा असायचा, म्हटलं. शेवटापर्यंत पुरा.
तुम्ही गेला होता का शेवटापर्यंत?
नाही.
तितके रुपये कुठे होते.

अम्मा उंबऱ्याशी, मांडीवर सूप, विड्या वळत होती.
गेममधलं तिला कळत नाही, भाव कळतो.
चार हजार विड्यांचं एक दार, ती म्हणाली,
आत आहे तरी कोण?
राजा आहे, आज्जी. त्याला मारायचं असतं.
अम्माने दोरा दातात धरला, तोडला.
मग मरू दे की आतच.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मालक आले,
व्यंकटेश सादूल, माणूस वाईट नाही.
सुताचा भाव मला दाखवला मोबाईलवर,
मग चादर दाखवली, माझीच, मोराची.
म्हणाले, डिझाईन हेच राहू दे, आडवा काठ काढून टाक.
काठवाली प्रीमियम करू. दीडशे जास्त.
मी मान हलवली.
सुरीने दोरी कापून काठाचे पत्ते साखळीतून सोडवले,
एकशे चव्वेचाळीस,
खोक्यात रचले, खोक्यावर लिहिलं: काठ.
फेकले नाहीत. फेकायचे नव्हतेच.
मशीन सुरू केलं तेव्हा आवाजात काही फरक नव्हता.

रात्री पैसे भरले. अम्माला सांगितलं नाही.
किल्ला एवढा मोठा, उतरायला वेळ लागणार,
म्हणून पोराला आधी जेवायला बसवलं.
कडक भाकरी मोडून तिच्यावर शेंगाचटणी पसरतोय तोवर
तिकडे टिंग वाजलं.
एवढ्यात कसं बे आलं?
आलं नाही, पप्पा. किल्ला आधीपासून आतच होता.
आता फक्त चावी आली.

घास हातातच राहिला.
तो खरकट्या हातानेच उठला, मी ओरडलो नाही.

दार उघडलं. मशाली, बर्फ, लांब दालन,
राजा टोकाला बसलेला, अजून त्याचं लक्ष नव्हतं.
भिंतीवर एक मोठी लाल चादर टांगलेली.
थांब जरा, मी म्हटलं. तिकडे ने.
पप्पा, तो मारेल मला.
मारू दे. ने तिकडे.

जवळून बघितलं, नाक पडद्याला लागेपर्यंत.
काठ होता.
चारही बाजूंनी होता.